धंद्यासाठी क्लाउड स्टोरेज: एस थ्री, अझ्यूर, गूगल, बॅकब्लेझ, वसाबी... अडीच टीबीसाठी काय घ्यावं?

टूलरूम_भोसरी

नमस्कार मंडळी. आमचं भोसरी एमआयडीसीत टूलरूम आहे, जिग-फिक्श्चर आणि प्रेस टूल डिझाइन करून बनवून देतो, चौदा माणसं, त्यातले पाच डिझाइनला. फर्म प्रायव्हेट लिमिटेड आहे. ऑफिसात एक नॅस (सगळ्यांना नेटवर्कवरून दिसणारी डिस्कची पेटी) आहे, दोन डिस्क मिररमधे म्हणजे दोन्हीवर तेच, त्यावर सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरच्या फाइली, सीएनसीचे प्रोग्राम, ग्राहकांची ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, टॅलीचा रोजचा बॅकअप, सगळं मिळून अडीच टीबी. बाहेर कुठेच कॉपी नाही. आमच्याच गल्लीतल्या एका युनिटमधे रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आला, त्यांची नॅससुद्धा लॉक झाली आणि जुन्या टूलची ड्रॉइंग परत ग्राहकाकडे मागायची वेळ आली, तेव्हापासून झोप उडालीय.

जो व्हेंडर येतो तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो सगळ्यांना वनड्राइव्ह द्या, दुसरा म्हणतो एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड), तिसरा म्हणतो वसाबी एकदम स्वस्त. बजेट महिना पाच-सहा हजार धरलंय. ज्यांनी खरोखर वापरलंय त्यांनी सांगा, कशाच्या जोरावर निवडायचं?

नेटवर्कवाला_औंध

दादा, आधी दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या करून घ्या, कारण व्हेंडर लोक त्या एकाच पिशवीत घालून विकतात. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, झोहो वर्कड्राइव्ह ही माणसांनी मिळून काम करायची जागा आहे, तिथे प्रति यूजर पैसे. एडब्ल्यूएसचं एस थ्री, मायक्रोसॉफ्टचं अझ्यूर ब्लॉब, गूगल क्लाउड स्टोरेज, बॅकब्लेझ बी टू, वसाबी, क्लाउडफ्लेअर आर टू हे ऑब्जेक्ट स्टोरेज, तिथे प्रति जीबी पैसे, त्यात माणूस रोज फोल्डर उघडून बसत नाही, बॅकअपचं सॉफ्टवेअर तिथे लिहितं. तुमची गरज दुसऱ्या प्रकारची आहे.

आणि सॉलिडवर्क्सची असेंब्ली (अनेक पार्टच्या फाइली जोडणारी फाइल) सिंकच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर आपोआप सारख्या होणाऱ्या फोल्डरमधे ठेवून पाच जणांनी उघडायची नाही, हे आत्ताच लिहून ठेवा. फाइल उघडली की सॉलिडवर्क्स शेजारी टिल्डा-डॉलरने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल बनवतं, त्यावरून दुसऱ्याला कळतं की ही कुणीतरी उघडलीय. लोकल नेटवर्कवर हे बरोबर चालतं. सिंकमधे ती छोटी फाइल दुसऱ्या मशीनवर वेळेत पोचेलच याची खात्री नाही, तोवर तिथला माणूस तोच पार्ट उघडून होल सरकवतो, मग दोन कॉपी तयार होतात, एकीच्या नावापुढे कॉम्प्युटरचं नाव चिकटलेलं, आणि असेंब्ली कुठल्या पार्टला बघतेय ते कुणालाच सांगता येत नाही. चुकीचा होल वायरकट मशीनला गेला तर ते नुकसान वर्षभराच्या क्लाउडच्या बिलाहून जास्त.

फोटो_सांगली

मी असहमत. आमचा स्टुडिओ आहे, सहा माणसं, सगळं गूगल ड्राइव्हवर, मस्त चाललंय. छोट्या धंद्याला बकेट (क्लाउडमधला साठवायचा डबा), रीजन (डेटा सेंटरचं ठिकाण), अ‍ॅक्सेस की (प्रोग्रामचा पासवर्ड) हे सगळं कोण सांभाळणार? ज्याला आयटीचा माणूस ठेवता येत नाही त्याने सोपं घ्यावं. नॅस बिघडली तरी ड्राइव्हवर फाइल आहेच की.

नेटवर्कवाला_औंध

@फोटो_सांगली, सोपेपणाचा मुद्दा मान्य आहे. तुमच्याकडे एक माणूस एका शूटवर काम करतो म्हणून भांडण होत नाही. पण सिंक म्हणजे बॅकअप नाही. इथे डिलीट केलं की तिथे डिलीट. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधे ३० दिवस, त्यानंतर अ‍ॅडमिनला आणखी २५ दिवस परत आणता येतं, वनड्राइव्हच्या बिझनेस खात्यात रिसायकल बिन ९३ दिवस. लग्नाचा अल्बम कुणी चुकून उडवला आणि सहा महिन्यांनी ग्राहकाने मागितला तर काय करणार?

दुसरं, माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचा अकाउंट काढून टाकला की गूगलमधे तो २० दिवसांतच परत आणता येतो, त्याच्या 'माय ड्राइव्ह'मधल्या फाइली आधी दुसऱ्याच्या नावे केल्या नसतील तर त्याही गेल्या. टीमचं काम शेअर्ड ड्राइव्हमधेच ठेवा, तिथे मालकी कंपनीची असते. हे एवढं तरी आज करा, कळकळीने सांगतोय.

डब्लिनचा_डेव्हऑप्स

मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं इथे स्टोरेजचंच काम करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

धागाकर्त्यांनी विचारलंय कशाच्या जोरावर निवडायचं. माझं मत स्पष्ट आहे: ठेवायचा भाव बघू नका, परत काढायचा भाव आणि वेळ बघा. बॅकअप ज्या दिवशी लागतो त्या दिवशी मशीन उभी असतात, ग्राहक फोनवर असतो, आणि तेव्हा कळतं की डाउनलोडचं बिल वेगळं आहे. मंचर-जुन्नर भागातला बटाटा कोल्ड स्टोरेजला लावताना शेतकरी भाड्याबरोबर माल बाहेर काढायची हमाली आणि गाडी कधी लागेल तेही विचारतो, तसंच इथे विचारायचं.

आकडे बघा. एस थ्री स्टँडर्ड, मुंबई रीजन, जीबीला महिना ०.०२५ डॉलर. तुमचे अडीच टीबी म्हणजे २५६० जीबी, म्हणजे ६४ डॉलर, डॉलर ८८ रुपये धरला तर साडेपाच हजारांच्या थोडं वर, वर १८ टक्के जीएसटी. आता हाच सगळा डेटा एका झटक्यात खाली ओढायचा झाला तर मुंबईहून इंटरनेटवर काढायला जीबीला ०.१०९३ डॉलर, महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट. उरलेल्या २४६० जीबीचे २६९ डॉलर, म्हणजे साडेतेवीस हजारांच्या पुढे. चार महिन्यांहून जास्त भाडं एका दिवसात. अझ्यूर आणि गूगलचे दर थोडे इकडे-तिकडे, पण रचना हीच.

दुसऱ्या गटात बॅकब्लेझ बी टू टीबीला महिना ६ डॉलर, साठवलेल्या डेटाच्या तिप्पट डाउनलोड महिन्याला फुकट. वसाबी टीबीला ६.९९ डॉलर, डाउनलोडचे पैसे नाहीत, पण महिन्यात जेवढं साठवलंय त्याहून जास्त काढू नये अशी त्यांची अपेक्षा, शिवाय कमीत कमी एक टीबीचं बिल आणि टाकलेली फाइल ९० दिवसांच्या आत उडवली तरी ९० दिवसांचे पैसे. रोज नवीन फुल बॅकअप टाकून जुना उडवणाऱ्याला हा ९० दिवसांचा नियम चांगलाच महागात पडतो. क्लाउडफ्लेअर आर टू जीबीला ०.०१५ डॉलर, डाउनलोड कितीही फुकट, वेबसाइटवर कॅटलॉग किंवा व्हिडिओ लोकांना द्यायचे असतील तर ते सगळ्यात बरं. म्हणजे तुमचा अडीच टीबी बी टूवर १५ डॉलर, वसाबीवर साडेसतरा, आर टूवर साधारण साडेअडतीस.

हे दर २०२५ चे, लिस्टवरचे, बदलतात, ऑर्डर करण्याआधी त्यांच्या पानावर परत बघा.

मग सगळे बी टू का घेत नाहीत? कारण त्यांची डेटा सेंटर अमेरिका, कॅनडा आणि युरोपात आहेत, भारतात नाहीत. डेटा भोसरीहून अ‍ॅमस्टरडॅमला पाठवायचा आणि तिथून आणायचा. बॅकअपला तेवढा लांबचा पल्ला चालतो, रोज फाइल उघडायला चालत नाही.

सीए_ताई_नाशिक

वरच्या हिशेबात एक गोष्ट सुटतेय आणि ती प्रायव्हेट लिमिटेडला लागू आहे म्हणून लिहिते. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक ठेवत असाल तर त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर ठेवायला लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोज घ्यायला लागतो, आधी नियमात 'ठरावीक काळाने' होतं. कंपनी कायद्याप्रमाणे पुस्तकं आठ वर्षं सांभाळायची. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. त्यामुळे टॅलीचा बॅकअप फक्त परदेशातल्या बकेटमधे ठेवलात तर ऑडिटला उत्तर द्यायला लागेल. प्रोप्रायटरशिप किंवा पार्टनरशिपला कंपनी कायद्यातली ही अट नाही.

टॅलीचा डेटा अडीच टीबीत किती असणार, काही जीबी. तेवढा मुंबईत ठेवायला पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल.

बिलाचंही बघा. भारतातल्या कंपनीकडून रुपयात जीएसटी नंबरसकट बिल आलं तर क्रेडिट सरळ मिळतं. परदेशी कंपनी डॉलरमधे बिल देते तेव्हा रजिस्टर्ड व्यापाऱ्याला रिव्हर्स चार्जने १८ टक्के आधी स्वतः भरायला लागतो, मग क्रेडिट. पंधरा डॉलरच्या बिलासाठी अकाउंटंटला दर महिन्याला ही नोंद करायला लागते, आणि ती राहून गेली की नोटीस येते.

आणि पेमेंट! ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कटणारी पेमेंट अडकतात. पंधरा हजारांच्या वर तर दर वेळी ओटीपी लागतो, खालच्या रकमेलाही मँडेट नीट रजिस्टर नसेल तर पेमेंट जात नाही. माझ्या एका क्लायंटचं बिल असंच तटलं होतं, मेल यायचे ते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर, अकाउंट बंद व्हायच्या बेतात असताना कळलं. खात्याचा मेल आयडी माणसाच्या नावाचा नको, ऑफिसचा असावा आणि दोघांनी तरी तो बघावा.

टूलरूम_भोसरी

ताई, ही भारतातल्या सर्व्हरची अट एकाही व्हेंडरने सांगितली नव्हती. मनापासून आभार.

एक विचारतो, आम्हाला पुणे रीजन मिळतं का? जवळ असेल तर स्पीड चांगला मिळेल ना?

डब्लिनचा_डेव्हऑप्स

अझ्यूरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यातच आहे, २०१५ पासून, त्याच वेळी चेन्नई आणि मुंबईही सुरू झाली. एडब्ल्यूएसचं मुंबई २०१६ चं, हैदराबाद २०२२ चं. गूगलचं मुंबई २०१७, दिल्ली २०२१. पण बॅकअपला जवळ असण्याचा काही उपयोग नाही, पुण्याहून मुंबईला पाच-दहा मिलिसेकंद जास्त लागले तर रात्री चालणाऱ्या बॅकअपला काय फरक पडतो? उलट ऑफिस आणि कॉपी एकाच शहरात नसलेली बरी.

अझ्यूर घेतलंत तर एक सेटिंग नीट बघा. सगळ्यात स्वस्त पर्याय एलआरएस, त्यात तीन कॉपी असतात पण तिन्ही एकाच डेटा सेंटरमधे. झेडआरएस घेतलं तर वेगवेगळ्या झोनमधे (त्याच रीजनमधल्या वेगळ्या डेटा सेंटरांत), जीआरएस घेतलं तर पुण्याची कॉपी चेन्नईला जाते. एस थ्री स्टँडर्डमधे मुळातच कमीत कमी तीन झोनमधे डेटा पसरलेला असतो. व्हेंडरने अझ्यूर स्वस्त दाखवलं तर विचारा, कोटेशन एलआरएसचं आहे का? दोन कोटेशनं शेजारी ठेवताना हीच गफलत सगळ्यात जास्त होते.

इरेझर

इतका खल कशाला, एस थ्रीचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह घ्या ना! अमेरिकेतल्या रीजनला टीबीला महिना एक डॉलर. अडीच टीबीला चहाच्या खर्चात काम होतं.

नेटवर्कवाला_औंध

@इरेझर, भाव खरा आहे, पण तो अशा डेटासाठी आहे जो बहुतेक कधीच लागणार नाही. डीप आर्काइव्हमधून फाइल मागितली की नेहमीच्या पद्धतीने १२ तास, स्वस्तातल्या पद्धतीने ४८ तास, त्यावर काढायचे पैसे, त्यावर डाउनलोडचे पैसे वेगळेच. किमान १८० दिवस ठेवायला लागतं. आणि फाइल उघडायच्या आधी 'रिस्टोअर' करायला लागते, बऱ्याच साध्या बॅकअप सॉफ्टवेअरना हे झेपत नाही, ते बॅकअपचा साठा वाचायला जातं आणि एरर देऊन थांबतं.

अझ्यूरचं आर्काइव्ह पण तसंच, १८० दिवस आणि पंधरा तासांपर्यंत थांबायचं. गूगलचं आर्काइव्ह यात वेगळं आहे, फाइल लगेच मिळते, पण किमान ३६५ दिवसांचं भाडं आणि वाचायला जीबीमागे पैसे. पाच वर्षांपूर्वी डिलिव्हर झालेल्या टूलची ड्रॉइंग अशा थरात ठेवायला हरकत नाही. चालू प्रोजेक्ट कधीही नाही.

टूलरूम_भोसरी

आमच्याकडे चालू आणि गेल्या दोन वर्षांचं मिळून साधारण ७०० जीबी असेल, बाकी सगळं जुनं. पण जुन्यातलंही अचानक लागतं, ग्राहक म्हणतो २०१७ च्या टूलचा पंच तुटला, नवीन पाठवा, तेव्हा त्याच दिवशी ड्रॉइंग काढायला लागतं.

नेट १०० एमबीपीएसचं आहे, अपलोडलाही तेवढंच. आणि मुख्य प्रश्न राहिलाच, रॅन्समवेअरने नॅसमधून क्लाउडची कॉपीही लॉक केली तर?

डब्लिनचा_डेव्हऑप्स

पहिलं वेळेचं. १०० एमबीपीएस पूर्ण मिळालं तरी एक टीबीला साधारण २२ तास, अडीच टीबीला अडीच दिवसांच्या आसपास. फक्त रात्रीच चालवणार असाल तर आठवडाभर धरा. त्यानंतर रोज फक्त बदललेलं जातं, ते तासाभराच्या आतलं काम.

आता मुख्य प्रश्न, आणि यावर कंजुषी करू नका. नॅसवर जी अ‍ॅक्सेस की साठवलेली असते तिला डिलीटचा अधिकार असेल तर चोराच्या हातीही तोच अधिकार जातो. नॅस फोडणारे लोक आधी बॅकअपच शोधतात. उपाय तीन पायऱ्यांत. बॅकअपला वेगळा यूजर करा, त्याला फक्त त्या एकाच बकेटवर लिहायचा आणि वाचायचा हक्क. बकेटवर व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे फाइल वरून बदलली तरी जुनी मागे राहते. आणि ऑब्जेक्ट लॉक लावा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत फाइल उडवता येत नाही. एस थ्रीमधे त्याचे दोन प्रकार आहेत: गव्हर्नन्समधे खास अधिकार असलेला माणूस कुलूप काढू शकतो, कम्प्लायन्समधे मुदत संपेपर्यंत कुणीच काढू शकत नाही, खात्याचा मूळ मालकसुद्धा नाही. ३० दिवसांचा कम्प्लायन्स लॉक लावला तर तुमची नॅस, तुमचा लॅपटॉप, तुमचा पासवर्ड सगळं चोराकडे गेलं तरी ३० दिवसांतल्या कॉपी जागच्या जागी असतात. बी टू आणि वसाबीतही ऑब्जेक्ट लॉक आहे, अझ्यूर आणि गूगलमधेही त्यांच्या त्यांच्या नावाने आहे. आधी दोन-चार जीबीच्या ट्रायल बकेटवर एक दिवसाचा लॉक लावून बघा, कारण चुकून दहा वर्षांचा कम्प्लायन्स लॉक लावलात तर खातं बंद करण्याशिवाय सुटका नाही.

क्लाउडला पाठवण्याआधीच एनक्रिप्शन करा, नॅसच्या बॅकअप अ‍ॅपमधे तशी टिक असते, किंवा रेस्टिक, आरक्लोन ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. ग्राहकांची ड्रॉइंग एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) असतात म्हणून हे लागतंच. तो पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमधे ठेवा, कारण तो हरवला तर जगातली कुठलीही कंपनी डेटा उघडून देऊ शकत नाही.

चाकण_क्वालिटी

ड्रॉइंगवरून आठवलं, जर्मन गाडीवाल्यांची कामं असतील तर टिसॅक्सबद्दल (गाडी उद्योगातली माहिती-सुरक्षेची तपासणी) विचारणा होतेच, तेव्हा डेटा कुठल्या देशात, कुणाला अ‍ॅक्सेस, एनक्रिप्शन कोणतं हे लेखी द्यायला लागतं. परदेशी रीजन निवडण्याआधी ग्राहकाचा एनडीए एकदा वाचा, काहींमधे देशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं.

फोटो_सांगली

वाचतोय सगळं. आमच्याकडे ऑफिसची डिस्क आणि ड्राइव्ह एवढंच आहे. गूगलसारख्या कंपनीकडे असताना आणखी कुठे कॉपी ठेवायची खरंच गरज असते का? मनापासून विचारतोय.

डब्लिनचा_डेव्हऑप्स

असते. मे २०२४ मधे ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड गूगलच्याच बाजूने उडालं, सेटअप करताना एक रकाना रिकामा राहिला होता आणि त्यामुळे ठरावीक मुदत संपल्यावर ते आपोआप डिलीट झालं. पाच लाखांहून जास्त सभासद अनेक दिवस खातं बघू शकत नव्हते. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडेही बॅकअप ठेवला होता, परत उभं राहताना तो कामाला आला. मार्च २०२१ मधे फ्रान्समधे स्ट्रासबूर्गला ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण गेली, ज्यांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता त्यांचं काहीच उरलं नाही. आणि सप्टेंबर २०२५ मधे दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांचा जी-ड्राइव्ह नावाचा साठा, ८५८ टीबी, दुसरीकडे बॅकअपच नव्हता म्हणून कायमचा गेला. लोकांची वर्षानुवर्षांची कामं होती त्यात. हे वाचलं की पोटात गोळा येतो.

एस थ्री अकरा नऊंचं ड्युरेबिलिटी (डेटा न हरवण्याची शक्यता) सांगतं, ९९.९९९९९९९९९ टक्के, ते डिस्क बिघडण्यापुरतं आहे. चुकीचं डिलीट, थकलेलं बिल, बंद झालेलं खातं यापैकी कशालाच ते आडवं येत नाही.

टूलरूम_भोसरी

ठरवलं. टॅली आणि चालू ७०० जीबी एस थ्री मुंबईला, व्हर्जनिंग आणि ३० दिवसांचा लॉक लावून, साधारण साडेसतरा डॉलर. सगळे अडीच टीबी बॅकब्लेझला युरोपात, एनक्रिप्ट करून, ज्या दोन ग्राहकांच्या एनडीएत भारत लिहिलंय त्यांचे फोल्डर वगळून; ते फोल्डरही मुंबईलाच. दोन्ही मिळून जीएसटी धरून बजेटच्या बरंच आत बसतंय. पाच डिझाइनरांचं रोजचं काम नॅसवरच राहील. काही राहतंय का?

नेटवर्कवाला_औंध

छान जमलंय. दोन सेटिंग तेवढी लावा, नाहीतर बिल हळूहळू चढत जातं. व्हर्जनिंगमधे जुनी व्हर्जन आपोआप जात नाहीत, लाइफसायकल रूल लावा की जुनं व्हर्जन ९० दिवसांनी उडवावं. आणि मोठ्या फाइली तुकड्यांनी अपलोड होताना नेट गेलं तर अर्धवट तुकडे बकेटमधे पडून राहतात, यादीत दिसत नाहीत पण पैसे लागतात, त्यांना सात दिवसांनी साफ करायचा वेगळा रूल असतो.

अपलोड झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक जुनी असेंब्ली, तीस-चाळीस पार्टची, दोन्हीकडून वेगळ्या लॅपटॉपवर खाली उतरवा, नॅसला हात न लावता, आणि सॉलिडवर्क्समधे उघडून सगळे रेफरन्स सापडतात का बघा. किती वेळ लागला ते इथे नक्की लिहा.